व्हॉल्व्ह अँपचा गोडवा नेमका येतो कुठून? आणि ८५ डीबीच्या स्पीकरवर ५ वॅट पुरतील का?

भिन्नषड्ज:
नमस्कार मंडळी, मध्यंतरी एका मित्राकडे ईएल८४ व्हॉल्व्हच्या (व्हॉल्व्ह म्हणजे काचेची व्हॅक्यूम नळी) सिंगल एंडेड, म्हणजे एकच नळी पूर्ण वेव्ह वाजवणाऱ्या, अँपवर किशोरीताईंची एलपी ऐकली आणि तानपुरा इतका भरून आलेला मी घरी कधीच ऐकलेला नाही. त्याचे स्पीकर जुने, मोठे, कागदी कोनचे. माझ्याकडे ६० वॅटचा ट्रान्झिस्टर अँप आणि छोटे बुकशेल्फ स्पीकर, मागे ८५ डीबी लिहिलंय. आता तसाच ५ वॅटचा व्हॉल्व्ह अँप घ्यायचं डोक्यात आहे. दुकानदार म्हणतो व्हॉल्व्हचे ५ म्हणजे साधे ५० समजा. हे कितपत खरंय? आणि तो गोडवा नळीचा, ट्रान्सफॉर्मरचा की स्पीकरचा?

सोल्डरवाला:
वॅट तो वॅटच हो, ५ चे ५० कुठून होणार. दुकानदाराच्या म्हणण्यात तथ्य एवढंच की व्हॉल्व्ह अँपची ताकद संपत आली की वेव्हची टोकं गोलसर दबत जातात, ट्रान्झिस्टरवाला ती सपकन कापतो, म्हणून क्षणभर ओव्हरलोड झाला तरी व्हॉल्व्हचा कानाला टोचत नाही. पण हिशोब करून बघा, ८५ डीबी म्हणजे १ वॅटला १ मीटरवर मिळणारा आवाज, ५ वॅटला त्यात ७ ची भर म्हणजे ९२, आणि तुम्ही बसणार अडीच-तीन मीटरवर, तिथे आणखी कमी. विलंबित ख्याल हळू आवाजात छान चालेल, तबल्याची थाप खणखणीत हवी असेल तर नाही पुरणार.

आता गोडवा. सिंगल एंडेडमध्ये मुख्यतः दुसरा हार्मोनिक वाढतो (हार्मोनिक म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतल्या फ्रिक्वेन्सीचे वरचे स्वर). मूळ स्वर मध्य सा धरा, दुसरा हार्मोनिक म्हणजे तार सा, तिसरा त्याच्या वरचा पंचम, पाचवा आणखी वरचा गंधार, सगळे सुरातलेच. सातवा मात्र कोमल निषादाच्याही खाली कुठेतरी पडतो, तो खुपतो. तानपुऱ्यात हे वरचे स्वर आधीच असतात, अँपने त्यात किंचित भर घातली की जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी झणक, जास्त खुलल्यासारखी वाटते. पुश-पुलमध्ये, म्हणजे दोन नळ्या जोडीने उलटसुलट काम करतात त्या अँपमध्ये, सम हार्मोनिक बरेचसे एकमेकांना खोडतात म्हणून तो जरा कोरडा वाटू शकतो. पण हेच अँप मोठ्या ऑर्केस्ट्राला लावा, पन्नास वाद्यांच्या फ्रिक्वेन्सी एकमेकांत मिसळून बेरीज-वजाबाकीचे भलतेच स्वर तयार होतात आणि सगळं गढूळ होतं. एकट्या गळ्याला जे शोभतं ते सगळीकडे शोभत नाही.

मिरजेचा_तंबोरा:
हार्मोनिकचं पटलं, पण माझ्या मते मित्राकडे जे ऐकलंत त्यात अर्ध्याहून जास्त वाटा अँप आणि स्पीकरच्या जोडीचा आहे. फीडबॅक (आउटपुटचा काही भाग मागे देऊन चूक सुधारणं) कमी असलेल्या व्हॉल्व्ह अँपचा आउटपुट इंपीडन्स, म्हणजे आतला अडथळा, २-३ ओहमसुद्धा असतो, ट्रान्झिस्टरचा जवळपास शून्य. आणि ८ ओहमचा स्पीकर काही सगळीकडे ८ नसतो, कुठे ५ तर बासच्या रेझोनन्सला ३० पर्यंत जातो. जिथे इंपीडन्स चढतो तिथे व्हॉल्व्ह अँप आवाज उचलून धरतो. जुन्या मोठ्या स्पीकरला ते मानवतं, तुमच्या बुकशेल्फवर बास सैल पडायची शक्यता जास्त.

नळी म्हटलं की गोडवा आलाच असंही नाही. विल्यमसन या इंजिनिअरचं सर्किट १९४७ साली 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात छापून आलं, केटी६६ व्हॉल्व्हचं, १५ वॅटला डिस्टॉर्शन (सिग्नलमधली विकृती) ०.१ टक्का. तो अँप अगदी स्वच्छ वाजतो. आणि उलट बाजूने १९८५ मध्ये अमेरिकन अँप डिझायनर बॉब कार्व्हरने 'स्टिरिओफाइल' मासिकवाल्यांसमोर आपला ट्रान्झिस्टर अँप जुळवत जुळवत एका महागड्या व्हॉल्व्ह अँपसारखा वाजवून दाखवला, त्यांना फरक सांगता येईना.

पैसे घालायच्या आधी एक करा. २ ओहम १० वॅटचे दोन वायरवाउंड रेझिस्टर आणा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतील, आणि आहे त्याच अँपवर प्रत्येक स्पीकरच्या प्लस वायरमध्ये एकेक सिरीजमध्ये लावून तीच एलपी ऐका. हार्मोनिक नाही येणार पण इंपीडन्सचा परिणाम घरबसल्या कळेल.

भिन्नषड्ज:
वा, हे आधी करून बघतो. आणि ऑनलाइन बऱ्याच स्वस्त अँपमध्ये नळ्या छान केशरी चमकताना दिसतात, त्यातला एखादा चालेल?

सोल्डरवाला:
त्यातल्या कित्येकांत नळीच्या खाली एलईडी लावलेला असतो आणि स्पीकर चालवते ती आतली क्लास डी, म्हणजे ट्रान्झिस्टरचीच, अँप चिप. वजन बघा, खऱ्या व्हॉल्व्ह अँपला आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतोच, स्टिरिओला दोन, आणि लोखंड हलकं नसतं. शेवटी खरा घेतलात तर दोन गोष्टी पाळा. स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचा नाही, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि बंद केल्या केल्या झाकण उघडून आत हात घालायचा नाही, ईएल८४ ला २५०-३०० व्होल्ट लागतात आणि कपॅसिटर ते धरून ठेवतात. घरात लहान मुलं असतील तर नळ्यांवर जाळी असलेलाच घ्या, काच चटका बसण्याइतकी तापते.