शेंडा वाळणारा जुना आंबा: आधी बुंधा उघडा करा

खानापूरकडच्या तुमच्या जुन्या आंब्याचा शेंडा वाळतोय, काय करू, असं तुम्ही विचारलंत आणि उत्तरात दोघांनी बुंध्याशी युरिया घालायला सांगितलंय. कृपा करून घालू नका. अशक्त झाडाला युरियातल्या नत्राचा मारा सोसत नाही.

आधी बघा, अंगणात मातीची भर घालून बुंधा गाडला गेलाय का? बेळगावात आमच्या आजोबांच्या आंब्याचं हेच झालं. पेव्हर ब्लॉक बसवताना बुंध्याला दीड फूट लाल माती चढली. दोन वर्षांत पानं बारकी झाली, मग शेंडे गेले. आम्ही खुरप्यानं, शेवटी हातानंच माती काढली. आतली साल काळी पडलेली, बोटानं दाबलं की पाणी सुटायचं. बघून पोटात तुटलं. बुंधा रुंद होऊन मुळं सुरू होतात तो फुगवटा दिसेपर्यंत मोकळं केलं आणि पावसाचं पाणी तिथं साचू नये म्हणून चर काढला.

अन्न ओढणारी बारीक मुळं बुंध्याशी नसतात, फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही बाहेर असतात. पालापाचोळ्याचा तीन-चार इंच थर तिथं पसरा, उन्हाळ्यात पाणीही तिथंच द्या. खणू मात्र नका.

फांदीवर बांडगूळ (झाडाचा रस शोषणारी परजीवी वनस्पती) असेल तर नुसतं ओरबाडू नका, परत फुटतं. त्याच्या खाली फूटभर सोडून फांदीच कापा आणि कापलेल्या जागी बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १० लिटर पाणी, प्लॅस्टिकच्या बादलीत.

आमच्या झाडाला तिसऱ्या वर्षी तांबूस पालवी आली. तुमच्या वाळक्या फांदीची साल नखानं खरवडून बघा, आत हिरवं आहे का ते कळवा.