मदत हवी आहे: विंडोज, मॅक, उबुंटू आणि टीव्ही, चारही ठिकाणी चालेल असा पेनड्राइव्ह कसा करायचा?

मंडळी, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

येत्या रविवारी आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे, नाशकातच, तिवंध्याजवळच्या आमच्या जुन्या वाड्यात. रंगपंचमीनंतर मी तिला रहाडीबद्दल, म्हणजे रंगपंचमीला रंग भरतात त्या जमिनीतल्या हौदाबद्दल, बोलतं केलं होतं. वर्षभर लाकडं आणि माती टाकून बुजवलेली रहाड कशी उघडायचे, फुलं उकळून रंग कसा करायचे, तिच्या थोरल्या भावाने त्यात धप्पा (उडी) मारल्यावर त्याच्या अंगावरचा रंग चार दिवस कसा उतरला नाही, सगळं सांगितलं तिने. बोलताना मधूनच पदराला हात पुसते. सलग सव्वा तासाचा व्हिडिओ आहे, ५.६ जीबी.

आधी मी फोनला ओटीजी केबल लावून तो जुन्या ३२ जीबी पेनड्राइव्हवर घ्यायला गेले. २६ जीबी रिकामी असूनही फाइल जाईना. मग मावसभावाने त्याच्या मॅकबुकवर घेतला, नीट केला आणि माझा नवा १२८ जीबी पेनड्राइव्ह फॉरमॅट करून त्यावर दिला. फोन भरला म्हणून मी मूळ व्हिडिओ काढला, त्यानेही जागेसाठी मॅकवरून उडवला. आता माझ्या विंडोज लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला की 'आधी फॉरमॅट करा' असं येतं. मी कॅन्सल केलं आहे. भाऊ पुण्याला गेलाय.

व्हिडिओ गेला का? आणि पुढे हाच पेनड्राइव्ह माझा लॅपटॉप, भावाचा मॅक, कॉलेजमधला उबुंटू आणि वाड्यातला टीव्ही, सगळीकडे चालायला हवा.

<b>प्रतिसाद १</b>

ताई, व्हिडिओ गेलेला नाही. फक्त त्या खिडकीतलं 'फॉरमॅट' चुकूनही दाबू नका, आणि घरात इतरांनाही सांगून ठेवा. भावाने बहुतेक एपीएफएस केलं असणार. मॅकचा तो स्वतःचा फॉरमॅट, विंडोजला तो वाचताच येत नाही. भावाची वाट बघू नका, नाशकात ज्याच्याकडे मॅक असेल त्याच्याकडे जाऊन फाइल उतरवा. उतरवलेली फाइल उघडून शेवटपर्यंत बघा, मगच पुढचं.

जुन्या पेनड्राइव्हचा दोष नाही. तो फॅट३२ या जुन्या फॉरमॅटचा असणार, आणि त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही, जागा कितीही असो. एनटीएफएस (विंडोजचा स्वतःचा फॉरमॅट) करू नका, मॅक ते वाचतो पण त्यावर लिहीत नाही.

तुम्हाला हवा तो फॉरमॅट म्हणजे एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलं, मॅकमध्ये २०१० पासून आहे, उबुंटू ज्यावर चालतं त्या लिनक्स कर्नलमध्ये २०१९ पासून. कॉलेजचा उबुंटू फार जुना नसेल तर वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागणार नाही. फॉरमॅट विंडोजवरच करा, अॅलोकेशन युनिट साइज आहे तीच राहू द्या. मॅकवर करायची वेळ आली तर स्कीममध्ये (पेनड्राइव्हवरची जागा मांडायची पद्धत) मास्टर बूट रेकॉर्ड निवडा, कारण काही टीव्हींना जीयूआयडी ही दुसरी स्कीम कळत नाही. आणि पेनड्राइव्ह नेहमी इजेक्ट करूनच काढा. एक्सफॅटमध्ये जर्नल (अर्धवट राहिलेले बदल सावरायची नोंद) नसतं, कॉपी चालू असताना ओढून काढला तर फायली खराब होऊ शकतात.

<b>धागाकर्ती</b>

खूप खूप आभार! कॉलेज रोडला मैत्रिणीच्या दादाकडे मॅक मिळाला. पेनड्राइव्ह लगेच उघडला, सव्वा तास बसून पूर्ण बघितला. मग विंडोजवर एक्सफॅट केलं. लॅपटॉप, मॅक, उबुंटू, तिन्हीकडे चालतंय.

पण वाड्यातला टीव्ही पेनड्राइव्ह ओळखतच नाही. बराच जुना आहे.

<b>प्रतिसाद १</b>

त्याला फॅट३२च लागत असेल. तुमचा जुना ३२ जीबीवाला आहेच. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ एमपी४, एच.२६४ करा, ७२०पी ठेवा. ४ जीबीच्या आत सहज बसेल. मूळ ५.६ जीबी फाइल मात्र दोन वेगळ्या ठिकाणी जपा.

<b>धागाकर्ती</b>

१.९ जीबी झाली आणि टीव्हीवर लागली! आज वाड्यात लावून बघितलं. आजीला आवाज कमी वाटला, तेवढा रविवारआधी वाढवते. मूळ फाइल लॅपटॉपवर आहे, दुसरी प्रत बाबांच्या हार्ड डिस्कवर टाकली.