मदत हवी आहे: अलार्मचा ऑटो डायलर अर्धाच मेसेज ऐकवतो

घरच्या चोर-अलार्मच्या पॅनेलला लँडलाइनवरचा ऑटो डायलर (अलार्म वाजला की भरलेल्या नंबरांना आपोआप फोन लावून मेसेज ऐकवणारं यंत्र) जोडलाय. चार नंबर भरले, माझ्याच आवाजात 20 सेकंदांचा मेसेज रेकॉर्ड केला. टेस्ट करताना नंबर बरोबर लागतो, पण समोरच्याने फोन उचलायच्या आतच हा बोलायला लागतो. बायकोला फक्त ‘...लवकर या’ एवढंच ऐकू आलं, ती घाबरली ते वेगळंच! मेसेज तीनदा रिपीटवर टाकल्यावर जरा बरं झालं.

खरी पंचाईत पुढे आहे. भावाचा फोन व्हॉइसमेलवर गेला, तर डायलरला वाटलं निरोप पोचला आणि पुढचे नंबर लावलेच नाहीत. फोन उचलणाऱ्याने बटण दाबून पोच द्यायची सोय आहे, पण मेसेज चालू असताना दाबलेला हॅश त्याला कळतच नाही. मेसेज संपल्यावरच दाबायचा असतो का? की लाइनचाच दोष?