वाइनमधलं बीफ: मांस वातड राहिलं, ग्रेव्ही आंबट झाली, काय चुकलं?

कढईकाठी:
मंडळी, मदत हवीये. परवा पहिल्यांदाच रेड वाइनमधलं बीफ केलं. दीड किलो मांस, वाइनची ७५० मिलीची अख्खी बाटली, कांदा, गाजर, लसूण, थाइम, तमालपत्र, सगळं एकदम पातेल्यात घातलं आणि गॅसवर दीड तास ठेवलं. मस्त खदखदत होतं म्हणून मी निर्धास्त होते, पण झाकण काढून बघते तर मांस वातड, सुरीला जोर लावावा लागत होता, आणि ग्रेव्ही म्हणजे नुसतं जांभळं पाणी, आंबट आणि वर जिभेवर तुरटपणा राहतोय तो वेगळाच. मांस मुद्दाम चांगलं घेतलं होतं हो, लालबुंद, चरबीचा एक धागा नाही. वाइनपण बरी होती, ओकच्या पिंपात मुरलेली कॅबरने. शनिवारी सहा जण जेवायला आहेत आणि मला हेच करून वाढायचंय. त्यात दोन लहान मुलं आहेत, त्यांना चालेल का तेही सांगा.

निवांत_स्वयंपाकी:
ताई, मांस "चांगलं" घेतलंत तिथेच पहिली गडबड झाली. चरबी नाही, शिरा नाहीत असं मांस तव्यावर पाच मिनिटांत करायला उत्तम, पण तासन् तास शिजवलं की त्याचा चोथा होतो. या प्रकाराला जनावराने भरपूर वापरलेला भाग लागतो, म्हणजे खांदा (चक), नळीचं मांस (शिन), नाहीतर शॉर्ट रिब. त्यात पांढऱ्या शिरा, पडदे दिसतात ना, ते कोलॅजन. कच्चं असताना तेच चिवट लागतं आणि नीट शिजलं की त्याचंच जिलेटिन होऊन मांस मऊ होतं आणि ग्रेव्हीला ओठाला चिकटणारा दाटपणा येतो. वाइनने ग्रेव्ही दाट होत नाही, या शिरांनी होते.

आता वेळेचं. कोलॅजन ७० अंशांच्या पुढे बऱ्यापैकी विरघळायला लागतं, पण सावकाश, त्याला तासच द्यावे लागतात. दीड तासाला मांस बहुतेक वेळा सगळ्यात वाईट अवस्थेत असतं, तंतू आवळून पाणी बाहेर पडलेलं असतं आणि शिरा अजून विरघळलेल्या नसतात. लोक तिथेच घाबरून गॅस बंद करतात. अडीच ते साडेतीन तास धरा. आणि खदखदू देऊ नका, पृष्ठभागावर मधूनच एखादा बुडबुडा यावा इतकीच आच. मी तर गॅसवर करतच नाही, जाड बुडाचं झाकणाचं भांडं ओव्हनमध्ये १५० अंशांवर ठेवतो, चारही बाजूंनी सारखी उष्णता लागते आणि बूड लागायची भीती कमी. झालं की नाही ते घड्याळाला विचारू नका, काटा खुपसून फिरवा, तुकडा आपोआप सुटला पाहिजे.

खमंग७:
वरच्याशी सहमत, पण ताईंनी मांस परतलंच नाही त्यावर कुणीच बोललं नाही! अहो अर्धी चव तिथेच आहे. तुकडे मोठे ठेवा, ४-५ सेंटीमीटरचे, कागदाने टिपून अगदी कोरडे करा, मीठ लावा आणि कडक तापलेल्या तेलात थोडे थोडे टाका. एकदम सगळे टाकले की पाणी सुटतं आणि मांस परतलं न जाता उकडतं, रंग राखाडी होतो. खरपूस तपकिरी रंग यायला १४० अंशांच्या वर जावं लागतं आणि भांड्यात पाणी आहे तोवर ते होणं नाही. मग त्याच भांड्यात कांदा-गाजर, चमचाभर टोमॅटो पेस्ट जरा काळपट होईस्तोवर, दोन चमचे मैदा, आणि मग वाइन ओतून तळाला चिकटलेलं सगळं लाकडी चमच्याने खरवडून घ्या, ते टाकून देऊ नका, तोच तुमच्या ग्रेव्हीचा जीव.

वाइन ओतली की झाकण न ठेवता निम्मी आटवा, मगच मांस आणि अर्धा लिटर बिनमिठाचा स्टॉक (हाडं-भाज्या उकळून काढलेलं पाणी) घाला. तुम्ही अख्खी बाटली कच्चीच घातलीत म्हणून आंबट लागली. आणि कॅबरने नको, तिच्यातलं टॅनिन (जिभेला तुरट लागतं ते) आणि ओकचा कडवटपणा आटल्यावर आणखी वर येतो. पिनो न्वार किंवा मेर्लो घ्या, कोरडी असावी, गोड नको. फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या मूळ पदार्थात पिनो न्वारच असते. महागडी अजिबात नको, प्यायला बरी वाटते एवढं पुरे. आणि साधं ॲल्युमिनियमचं भांडं वापरू नका, वाइनच्या आंबटपणाने धातूची चव उतरते.

बुडाचं_पातेलं:
ओव्हन नसला तरी अडत नाही. प्रेशर कुकरमध्ये साधारण ४० मिनिटांत होतं कारण आत १२० अंशांपर्यंत तापमान जातं. मात्र वाफ आपोआप जाऊ द्या, शिट्टी उचलून सोडलीत तर आतलं पाणी एकदम उकळतं आणि मांस कोरडं पडतं. चवीत थोडा फरक पडतो हे मान्य करते, कारण कुकरमध्ये काहीच आटत नाही, त्यामुळे ग्रेव्ही नंतर उघड्यावर आटवायची.

मुलांचं विचारलंत ते महत्त्वाचं आहे. अल्कोहोल पूर्ण उडतं हा गैरसमज आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार मंद आचेवर एक तास शिजवल्यावर साधारण २५ टक्के उरतं आणि अडीच तासांनी सुमारे ५ टक्के. म्हणजे फार थोडं, पण शून्य नाही. मुलांच्या आईबाबांना आधी विचारा, मी तरी न विचारता वाढणार नाही. नको म्हणाले तर थोडं मांस नुसत्या स्टॉकमध्ये वेगळं शिजवा आणि शेवटी चमचाभर व्हिनेगर घाला.

निवांत_स्वयंपाकी:
एक राहिलं. शनिवारी जेवण असेल तर शुक्रवारी करा. दोन तासांच्या आत उथळ भांड्यात काढून फ्रिजमध्ये टाका. सकाळी चरबीचा पांढरा थर वर घट्ट झालेला असतो, तो चमच्याने सहज निघतो. मश्रूम मात्र वेगळे लोण्यात परतून वाढायच्या अर्धा तास आधी घाला, सुरुवातीपासून घातले तर त्यांचा लगदा होतो.

कढईकाठी:
केलं! खांदा आणि थोडी नळी असं मिक्स घेतलं, चार घाण्यांमध्ये परतलं (तासभर गेला त्यातच, पण घरभर काय वास सुटला होता), मेर्लो निम्मी आटवली. दोन तासांनी काटा लावला तर अजून घट्टच, पूर्वी असते तर तिथेच हाय खाल्ली असती, पण झाकण लावून परत ढकललं आत. तीन तास दहा मिनिटांनी काटा फिरवला आणि तुकडा दोन भागांत अलगद सुटला. सकाळी फ्रिजमधून काढलं तर ग्रेव्ही जेलीसारखी थरथरत होती! थोडी आंबट वाटत होती म्हणून गरम करताना लोण्याचा एक खडा घातला आणि चव बसली. मुलांचं वेगळं केलं होतं, त्यांनी हाडाजवळचा तुकडा कुणाला यावरून भांडण केलं. दोन वाट्या ग्रेव्ही उरलीये, ती फ्रीझरमध्ये ठेवली तर चव बिघडेल का?

खमंग७:
नाही बिघडत. छोट्या डब्यांत भरा, वर थोडी जागा सोडा. वितळवलं की फुटल्यासारखी दिसेल, मंद आचेवर ढवळत राहा, परत एकजीव होते.