दहाव्या जागेवर 'सिटिझन केन' ठेवू की नको?

प्रश्न:
बावीस वर्षं चित्रपटांवर लिहितोय, पण 'सर्वात आवडते दहा' अशी यादी कधी दिली नव्हती. आता द्यायचीय. क्रम नको, नुसती नावं. नऊ झाली. दहाव्या जागेवर 'सिटिझन केन' लिहितो आणि खोडतो, असं तीनदा झालं.

आदर प्रचंड आहे. घरात आई कागदांवर सही करतेय आणि मागच्या खिडकीतून लहानगा चार्ल्स केन बर्फात खेळताना दिसतोय, दोन्ही तितकंच स्पष्ट. तिकडे त्याला पत्ताही नाही की इकडे त्याचं आयुष्य ठरून गेलंय. हा शॉट मी कितीतरी जणांना समजावून सांगितलाय. पण एकटं वाटत असताना रात्री हाच चित्रपट लावावा, असं एकदाही झालं नाही. वगळला तर समीक्षक म्हणून चुकेन का?

प्रतिसाद १:
ठेवाच. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या, दर दहा वर्षांनी होणाऱ्या समीक्षकांच्या मतदानात 1962 ते 2002 सलग पाच वेळा पहिला आलाय, उगाच नाही. आवड बदलते, समीक्षकाने पाया सोडू नये.

प्रतिसाद २:
त्याच मतदानाकडे दुसऱ्या बाजूनेही बघा. 1952 साली पहिला आला 'बायसिकल थीव्ज', तेव्हा तो जेमतेम चार वर्षांचा होता. 2012 मध्ये 'व्हर्टिगो', 2022 मध्ये 'जान डिलमन': एका बाईचा घरकामाचा दिनक्रम, तीन तासांहून जास्त. समीक्षकांनी मनापासून मत दिलं म्हणूनच क्रम हलला ना?

माझी कसोटी अशी, की कथानक विसरलं तरी काय डोळ्यांसमोर राहतं? 'बायसिकल थीव्ज'मध्ये सायकल सोडवायला घरातल्या चादरी गहाण पडतात. गहाणाच्या दुकानातला माणूस गठ्ठा घेऊन मांडणीवर चढत जातो, वर, अजून वर, आणि तिथे आधीपासूनच असंख्य घरांच्या चादरी रचलेल्या. संवादाची गरजच पडत नाही.

प्रतिसाद ३:
+१. बाकीचे नऊ कुठले, तेही सांगा की.

मूळ प्रश्नकर्ता:
सगळे नाही सांगत, एक सांगतो. 'टोकियो स्टोरी', 1953. विसाव्या वर्षी पाहिला तेव्हा त्यातल्या मुलांचा भयंकर राग आला होता. रविवारी म्हातारे आईवडील फिरायला तयार होऊन बसलेत, आणि डॉक्टर असलेला थोरला मुलगा पेशंट बघायला निघून जातो. निर्दयी वाटला होता. गेल्या वर्षी परत पाहिला तेव्हा लक्षात आलं, तो खरोखरच एका आजारी मुलाला बघायला जातोय. मी तर कुठल्याशा परीक्षणापायी आईला "नंतर करतो" म्हणून फोन ठेवलेला. पुढे अतामीला समुद्राच्या बांधावरून उठताना त्या आईचा तोल जातो. तिथेच चित्रपट थांबवला आणि घरी फोन लावला. त्या सीनवर मी अजून एक ओळही लिहू शकलेलो नाही.

कसोटीबद्दल मनापासून आभार, तिच्यामुळे गाठ सुटली. 'केन' काढतोय. दहाव्या जागी 'पथेर पांचाली'. थोरली बहीण दुर्गा गेल्यावर अपूला तिने चोरलेली माळ सापडते आणि तो ती तळ्यात फेकून देतो. पाण्यावरचं शेवाळ क्षणभर बाजूला होतं, मग हळूहळू परत मिटतं. रात्रभर तेच दिसत होतं. यादी आज पाठवतो.