रिस्टोअर केलेली एमजीबी, मालक बिलांची बेरीज मागतोय, रास्त आहे का?

नवशिका_चालक:
मंडळी सल्ला हवाय. १९७१ ची एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार) बघून आलो, दोन वर्षांपूर्वी पूर्ण रिस्टोअर केलीये म्हणे, रंग असा की तोंड दिसतं त्यात. मालकाकडे बिलांची जाडजूड फाइल आहे, म्हणतो बेरीज करा आणि तेवढेच द्या, मला वर एक पैसा नकोय. पण अशाच बाकीच्या गाड्यांच्या जाहिराती बघितल्या तर ही दीडपट महाग पडतीये. माणूस सरळ वाटतो, खर्चही खरा दिसतोय, मग किंमत ठरवायची कशी? जीव अडकलाय हे आधीच कबूल करतो.

तेलकट_हात:
भाऊ, पहिलं म्हणजे ती बेरीज विसर. एमजीबी १९६२ ते १९८० पर्यंत निघाल्या, जीटी (बंद टपाची) वगैरे धरून पाच लाखांच्या वर, त्यामुळे दुर्मिळ म्हणून जास्त द्यायचं काही कारण नाही आणि तयार गाडी घेणं हे स्वतः करून घेण्यापेक्षा जवळपास नेहमीच स्वस्त पडतं. हौस त्याची, बिल तू का भरायचं? जाहिरातीतले आकडे पण मागितलेले असतात, मिळालेले नाही. लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेल्या त्यांचे बघ, त्यात लिलाववाल्याचं कमिशन धरलंय का तेही बघ.
आता खरं काम. हिला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळं तोलते आणि त्यातही सिल्स, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पेट्या. वरून नवा पत्रा आणि आत कुजका तसाच, असं मी स्वतः कापून बघितलंय. दार लाव, फट बघून ठेव, मग मागच्या चाकाच्या पुढे जॅक लावून गाडी उचल आणि परत दार लावून बघ. दार घासलं म्हणजे सिल्स कुजलेत आणि गाडी वाकतीये, मग रंग गेला खड्ड्यात.

नवशिका_चालक:
फाइलमध्ये रंग, लेदर सीटा, वायर व्हील्स (तारांच्या आऱ्यांची चाकं) यांचीच बिलं मोठी आहेत. वेल्डिंगचं एकच छोटं, त्यावर फक्त 'सिल्स केले'. कामाचे फोटो नाहीत.

जुनी_सवय:
फोटो नाहीत हे मला जास्त खटकतंय, एवढा खर्च करणारा माणूस फोटो काढतोच. पातळ कपड्यात लोहचुंबक गुंडाळून चाकांच्या कमानींवरून फिरव, जिथे धरत नाही तिथे पुट्टी. दोन वर्षांत किती चाललीये तेही विचार, नुसती उभी असेल तर बारीकसारीक सगळं तुलाच निस्तरावं लागणार. वायर व्हील्सवर क्लच सोडताना टक् आवाज आला तर हबच्या स्प्लाइन्स (चाक ज्यांवर बसतं त्या खाचा) झिजलेल्या असू शकतात. आणि ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन कमी फिरवणारा जादा गिअर) आहे का? ७१ ला तो एक्स्ट्रा होता, असेल आणि चालत असेल तर त्याचे मात्र खुशाल जास्त दे. इंजिन मूळचंच का हे इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट (कारखान्याच्या नोंदींचा दाखला) मागवलं की कळतं, पण एमजीबीत मी त्यापेक्षा पत्र्याला जास्त मान देईन.

नवशिका_चालक:
जाऊन आलो. डावं दार ठीक, उजवं खाली घासलं. मालकाचाच चेहरा पडला, त्याला खरंच माहीत नव्हतं बहुतेक.

तेलकट_हात:
वाईट वाटतं त्याचं, पण तुझा हिशोब सोपा झाला. खात्रीच्या गाडीचा विकला गेलेला भाव धर, त्यातून दोन्ही सिल्सचं काम वजा कर (एकच कोणी करत नाही) आणि खालच्या पॅनल्सचा रंगही वजा कर कारण वेल्डिंगच्या उष्णतेने तो जळणारच. उरेल तो आकडा सांग आणि घरी ये.