नेतृत्वाचं प्रशिक्षण कुणाला द्यायचं: डॉक्टरला की एएनएमला?

गवती_चहा (धागाकर्ता)
प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांसाठी नेतृत्व कार्यशाळा निघतात. दोन दिवस, पीपीटी, गटचर्चा, जेवण, प्रमाणपत्र. जव्हार-मोखाड्यातल्या पाड्यावरच्या बाळाच्या पदरात त्यातून काय पडतं? हा पैसा एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका), आशा आणि आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांवर लावावा. सरकारी सेवेच्या बंधपत्रापुरता आलेला डॉक्टर वर्षभरात निघून जातो, एएनएम राहते.

एक हिशेब मांडतो. आदिवासी भागात केंद्रामागे 20 हजार लोकसंख्या धरतात. समजा वर्षाला 340 बाळं, लसीकरण पूर्ण झालेली 323. अहवालात 95 टक्के, सगळे खूश. राहिलेल्या 17 पैकी 12 दोनच पाड्यांतली निघाली आणि त्या पाड्यांत मिळून बाळं 20 असली, तर तिथला टक्का 40! यादी गावनिहाय नको, पाडानिहाय करा. हे एएनएमला शिकवा, बाकी पीपीटी राहू द्या.

शीतसाखळी
असहमत. कुठलं बाळ राहिलंय हे एएनएमला तोंडपाठ असतं. घोडं पेंड खातं ते कुपीपाशी. पेंटाची (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीची) कुपी उघडली तरी नीट थंड ठेवल्यास 28 दिवस चालते. गोवर-रुबेलाची मात्र द्रावण मिसळल्यापासून चार तासांत संपवायची, उरली की फेकायची. पाड्यावर दोनच बाळं आली तर पाच डोसांच्या कुपीतले तीन वाया. मासिक बैठकीत 'वेस्टेज का वाढलं?' म्हणून उभं कोण राहणार? मग 'पुढच्या महिन्यात या'. दिवाळी झाली की ते घर वीटभट्टीवर गेलेलं असतं.

'दोघांसाठीही फोडा, वेस्टेजचं उत्तर मी देईन,' हे डॉक्टरने भर बैठकीत म्हणायला लागतं. एएनएमला कितीही शिकवा, हे वाक्य तिच्या हातात नाही.

गवती_चहा
कुपीचं मान्य. पण ते वाक्य डॉक्टरबरोबर बदलून जातं. सूक्ष्म नियोजनातच (लसीकरण सत्रांच्या आराखड्यात) लेखी घाला: या पाड्यांवर कमी बाळं असली तरी कुपी उघडायची.

मुक्काम_पोस्ट
तुम्ही दोघंही माणसं घडवायच्या मागे लागलाय. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या मोबदल्याचा एक भाग कामाच्या आकड्यांवर ठरतो. तपासलेले रुग्ण मोजले तर रस्त्याकाठच्या गावात ते सकाळीच भरतात, डोंगरापलीकडच्या पाड्यावर दिवस जातो आणि रुग्ण सहा. असं मोजलं तर नेतृत्व शिकलेला माणूसही रस्त्याकाठीच बसेल. त्यापेक्षा लोकाधारित देखरेख, म्हणजे आरोग्यसेवेवर गावानेच लक्ष ठेवणं, नेटाने चालवा, महाराष्ट्रात ती 2007 मध्ये सुरू झाली. जनसुनवाईत गावाने विचारलं की यंत्रणा हलते.

शीतसाखळी
हलते, पण माइकसमोर बोलणी खाते ती एएनएमच. गाडीच्या डिझेलची सही ज्याच्याकडे, तो त्या दिवशी 'दौऱ्यावर'.

स्थलांतराचंच घ्या. दसऱ्यानंतर यादी हवी: बाळाचं नाव, शेवटचा डोस, मुकादमाचा फोन, भट्टी कुठल्या तालुक्यात. कार्ड आईच्या पिशवीत. पुढे भिवंडी-वसईकडच्या केंद्राला कळवायचं, तर तिकडून उत्तर, 'ही बाळं आमच्या उद्दिष्टात नाहीत.' एएनएमने केलेला फोन इथेच संपतो. डॉक्टरने डॉक्टरला केला तर निदान एक सत्र भट्टीवर लागण्याची शक्यता.

गवती_चहा
म्हणजे भट्टीकडच्या डॉक्टरलाही त्याच कार्यशाळेत बसवायला हवं. आत्ता तर बोलावतात फक्त आदिवासी तालुक्यांना.